मायची पेटी, लेकीचा शोक आणि वैनगंगेकाठचा इतिहास

धरण बांधायचे ठरले की सरकार मोजणी करते. घरे मोजते, विहिरी मोजते, आंब्याची आणि मोहाची झाडे मोजते, गोठा कच्चा की पक्का हे लिहून घेते. त्यावरून मोबदला ठरतो. गोसीखुर्दमध्येही हेच झाले. पण प्रत्येक घराच्या कोपऱ्यात पत्र्याची एक पेटी असते. त्या पेटीत घरातल्या बाईचे कागद असतात, आणि ते कोणत्याही मोजणीत येत नाहीत. पेटी सामानात धरली जाते, सामान ट्रॅक्टरवर चढते, गाव उठते.

या लेखात आम्हाला त्या पेटीविषयी बोलायचे आहे. माय मरते तेव्हा पेटी कोणाची होते? तिच्यातल्या लिहिलेल्या कागदांचे काय होते? मागे राहिलेल्या लेकीचा शोक हा घरचा विषय आहे की इतिहासाचा? आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. तो इतिहासाचा विषय आहे, आणि तो तसा मानला गेला नाही यामागे जात आणि पुरुषसत्ता दोन्ही आहेत.

आधी धरणाविषयी थोडे. वैनगंगेवर पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. आज आकडा हजारो कोटींवर गेला आहे. २००९ मध्ये प्रकल्प राष्ट्रीय म्हणून जाहीर झाला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचे लक्ष्य ठेवले गेले. ३३ दरवाज्यांचा हा बांध पाहायला आता पर्यटक येतात. बुडितात आली ती भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली ऐंशीहून अधिक गावे. त्या गावांतली माणसे कोण? धानाची शेती करणारे छोटे शेतकरी, शेतमजूर, नदीवर जगणारे ढिवर, आणि आमचे बौद्ध. मोबदल्यासाठी मोर्चे निघाले, उपोषणे झाली, जलसमाधीचे इशारे दिले गेले. त्यानंतर २०१३ मध्ये सुमारे १,२०० कोटींचे विशेष पॅकेज जाहीर झाले. भूमिपूजनाच्या वर्षी जन्मलेली मुलगी पॅकेज येईपर्यंत पंचवीस वर्षांची झाली होती. अनेकींची लग्ने होऊन त्या दुसऱ्या गावी गेल्या होत्या. त्यांची माय ज्या घरात त्यांना सोडून आली होती ते घर तोपर्यंत पाण्यात तरी गेले होते, नाहीतर पाण्याची वाट पाहत होते. (त्या पाण्यात नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे येऊन मिसळते, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. गाव आमचे बुडाले आणि वर घाणही आमच्याच वाट्याला आली.)

आता पेटीकडे येऊ. आमच्या मायांच्या पेटीत काय असते? वंदनेची पातळ पुस्तिका असते, कडा दुमडलेली. दीक्षाभूमीवरून आणलेला बाबासाहेबांचा फोटो असतो. रेशनकार्ड, बचत गटाचे पासबुक, लेकराबाळांचे जन्मदाखले, शाळा सोडल्याचा दाखला असतो. भीमगीतांची वही असते. ही वही बहुधा मुलीच्या जुन्या शाळेच्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहिलेली असते, म्हणून एका बाजूला गणित आणि दुसऱ्या बाजूला गाणे. भंडारा जिल्ह्यात याशिवाय आणखी एक वस्तू हमखास सापडते. ती म्हणजे बिडी मजुराचे ओळखपत्र आणि लॉगबुक.

भंडारा-गोंदियाचा बिडी धंदा शंभर वर्षांहून जुना आहे. जंगलातला तेंदूपत्ता आणि स्वस्तात राबणारे बाईचे हात यांवर तो उभा राहिला. घरी बसून बाई पाने कापते, भिजवते, तंबाखू भरते, दोरा बांधते. ठेकेदार हजारावर मजुरी देतो. हजार मोजून दिल्या तरी त्यातल्या काही बिड्या खराब म्हणून बाजूला काढतो. त्या बिड्यांना छाट म्हणतात. छाटीचे पैसे मिळत नाहीत, पण छाट ठेकेदाराकडेच राहते. म्हणून बाई हिशेब ठेवते. किती पाने घेतली, किती तंबाखू घेतला, किती हजार दिल्या, किती छाट गेली. १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या बाईलाही कामगार मानले आणि लॉगबुकचा हक्क दिला. पण कायद्याच्या आधीपासून आणि लॉगबुक न देणाऱ्या ठेकेदारांच्या काळातही बायांनी आपापल्या खुणा केल्याच. अक्षर येत नसेल तर रेघा मारल्या, कोळशाने भिंतीवर मारल्या.

याला कोणी साहित्य म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही. पण याला दस्तऐवज न म्हणणारा इतिहासकार कोणता? मराठ्यांच्या काळातल्या एखाद्या कुलकर्ण्याच्या दप्तरात शेराचा आणि पायलीचा हिशेब सापडला तर त्यावर प्रबंध होतो. मग पंचवीस वर्षे रोज हजार बिड्या वळणाऱ्या बाईने लिहिलेला हिशेब रद्दी कसा ठरतो?

या हिशेबामागे चळवळही आहे. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे यांनी मध्यप्रांतात बिडी मजुरांची संघटना बांधली. १९३७ मध्ये ते आमदार झाले आणि १२ जानेवारी १९३९ रोजी ऐन तारुण्यात क्षयाने गेले. आज त्यांचा पुतळा दिसतो, जयंती होते. पण ज्या बिडी मजुरांसाठी ते लढले त्यांत मोठा वाटा बायांचा होता, हे जयंतीच्या भाषणात किती वेळा ऐकू येते? बिडी कामगार कल्याण निधीच्या योजनेत मजुराच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते, आणि ती मायच्या ओळखपत्रावर मिळते. आमच्या समाजातल्या कितीतरी मुली या कार्डावर शिकल्या. मायने मुलीसाठी सोनेनाणे ठेवले नाही, शेत ठेवले नाही, स्वतःच्या फोटोचे एक कार्ड ठेवले. हा लेखी वारसा नाही तर काय?

आता मरणाच्या वेळचा प्रश्न. माय खाटेला खिळते तेव्हा तिच्याजवळ बसायला बहुधा लेक येते. सासरहून येते, रोवणीचे दिवस असले तरी येते. कोणता कागद कुठे आहे हे माय तिलाच सांगते, कारण पेटीची किल्ली कमरेला असली तरी आतल्या कागदांची ओळख तिने कोणाला करून दिली असेल तर लेकीलाच. मग माय जाते. पुण्यानुमोदन होते. घर आवरायला काढले जाते. अंथरूण, जुनी लुगडी, औषधांच्या बाटल्या आणि 'जुने कागद' एकाच ढिगात जातात. ढीग जाळला जातो नाहीतर नदीला दिला जातो. लेक शोकात असते, शिवाय ती आता या घरची पाहुणी असते. 'हे राहू द्या' म्हणायला लागणारा अधिकार तिच्याकडे नसतो.

अधिकार नसतो असे आम्ही म्हणतो तेव्हा रूढीविषयी बोलतो. कायदा वेगळे सांगतो. वारसा कायद्यासाठी बौद्ध हे हिंदू वारसा कायद्याखाली येतात (हा अपमान आहे की सोय, हा वाद वेगळा). त्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या बाईची मालमत्ता मुलगे, मुली आणि नवरा यांना सारखी जाते. मुलगी विवाहित असो वा अविवाहित. बापाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क देण्याचा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्ये केला आणि केंद्राने २००५ मध्ये. पण मुलीला मुलाबरोबरीचा हिस्सा देण्याची तरतूद हिंदू कोड बिलात बाबासाहेबांनी आधीच मांडली होती. ते बिल रोखले गेले म्हणून त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदावर लाथ मारली. असे मंत्रिपद सोडणारा दुसरा पुरुष या देशाने पाहिलेला नाही.

आणि आज आमच्याच घरांत काय होते? मोबदल्याची रक्कम यायची वेळ झाली की बहिणीला फोन जातो. 'ये, एक सही करायची आहे.' ती येते, हक्कसोडपत्रावर सही करते, साडीचोळी घेते आणि परत जाते. बाबासाहेबांनी ज्या हक्कासाठी राजीनामा दिला तो हक्क बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून सोडवून घेतला जातो. माय गेल्यावर लेकीने केलेले पहिले लेखन म्हणजे ही सही. आम्हाला हे फार टोचते. मनुस्मृती जाळल्याचा २५ डिसेंबर दरवर्षी साजरा करणाऱ्यांना तर ते अधिक टोचले पाहिजे.

सातबारा बापाच्या नावावर. घराचा नमुना आठ बापाच्या नावावर. जात पडताळणीला विचारला जाणारा कोतवाल बुकातला उतारा बापाचा, आजाचा, पणजाचा. बाईचे नाव असलेले कागद म्हणजे रेशनकार्ड, बिडीकार्ड आणि बचत गट. बाईचे अक्षर असलेला कागद म्हणजे ती वही. म्हणजे सरकारदरबारी जे मोजले जाते त्यात ती नाही, आणि ज्यात ती आहे ते मोजले जात नाही.

पण वैनगंगेकाठी असे नेहमीच होते का? धरणापासून जवळच पवनी आहे. तिथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी ते केले. जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूर इथे भव्य स्तूपांचे अवशेष निघाले. मुचलिंद नागाचे शिल्प निघाले आणि ब्राह्मी लिपीतले दानलेख निघाले. स्तूपाचा एकेक खांब, एकेक शिळा कोणी दिली ते दगडावर कोरलेले. त्यात विसमिता नावाच्या स्त्रीचा एक लेख आहे. आपण दान दिले आणि ते सर्व प्राणिमात्रांच्या सुखासाठी असो, एवढेच त्यात आहे. ती कोणाची राणी नव्हती. लेखात जातीचा उल्लेख नाही, कुळाची फुशारकी नाही. दोन हजार वर्षांपूर्वी या काठावरची बाई आपले नाव आणि आपली इच्छा दगडावर ठेवून गेली, आणि ती इच्छा स्वतःसाठी मागितलेली नव्हती.

तिच्याशेजारी दुसरी एक आई ठेवून पाहा. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरच्या तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. ती गौतमीपुत्र सातकर्णीची आई. मुलगा गेल्यानंतर, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी तिने हा लेख कोरवला. लेणे दिले बौद्ध भिक्षूंना. पण मुलाची थोरवी सांगताना तिने काय लिहिले? त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, हे मोठ्या अभिमानाने लिहिले. शोक खरा असेल, आईचा होता. पण शोकातूनही वर्णव्यवस्था बोलते, तेव्हा तो राजघराण्याचा जाहीरनामा होतो. शाळेच्या पुस्तकांत बलश्री सापडते, विसमिता सापडत नाही. कोणत्या आईचे लिखाण जपायचे हे कोण ठरवते, हे इथे उघड दिसते.

मधली शतके आमच्या बायांच्या हातून अक्षर काढून घेण्याची आहेत, ती सर्वांना माहीत आहेत. तरीही लिखाण नसले म्हणून वारसा थांबला नाही. जात्यावर माय आणि लेक समोरासमोर बसल्या, मायने ओवी म्हटली, लेकीने उचलली. गी पॉइटवें आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या लाखावर भरल्या. त्यांत बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत, आणि माय मेल्यावर माहेर परके झाल्याचे दुःख तर जागोजाग आहे. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. आमच्या मायांच्या भीमगीतांच्या वह्या त्या जात्याच्या जागी आल्या, असे आम्हाला वाटते. म्हणून त्या वहीत ओळी मागेपुढे असतात, कवीचे नाव नसते, एक कडवे दुसऱ्या गाण्यातून आलेले असते. पंडिताला ती चूक वाटेल. ऐकून लिहिणाऱ्या बाईची ती पद्धत आहे.

अक्षर परत हाती आले ते मुलींच्या हातून आले. १८५५ मध्ये जोतिबा-सावित्रीमाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे, वय चौदा, हिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात घरावर छप्पर नसताना थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बायांचे दुःख आहे. म्हणजे आमच्या समाजातल्या मुलीने लिहिलेल्या पहिल्याच निबंधाचा एक विषय आईचे दुःख हा होता. पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपूरला बाबासाहेबांच्या उपस्थितीत अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि २५ हजार बाया आल्याचे सांगितले जाते. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरण्यांत आणि बिडी कारखान्यांत राबणाऱ्या बायांना रजा आणि भरपाई असे ठराव तिथे झाले. वारसा कायदा व्हायला अजून चौदा वर्षे होती, बिडी कायदा व्हायला चोवीस. आमच्या आज्या काळाच्या इतक्या पुढे होत्या. मग त्यांची नावे कोणी टिपली? मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार या दोघी गावोगाव, वस्तीवस्तीत हिंडल्या, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांना बोलते केले आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढले. मुलींच्या पिढीने आयांच्या पिढीकडे जाऊन केलेली ही नोंद आहे. पन्नास वर्षे हे काम पुरुष लेखकांपैकी कोणाला सुचले नाही.

बेबीताई कांबळे यांचे उदाहरण तर या विषयासाठीच घडले असावे. फलटणला छोट्या दुकानात बसून, माल बांधायला आलेल्या रद्दीतले कागद वाचत वाचत त्या लिहू लागल्या. वह्या नवऱ्यापासून लपवून ठेवल्या. एकदोन वर्षे नाही, वीसेक वर्षे. मॅक्सिन बर्नसन या अभ्यासक बाईंना त्या लिखाणाचा सुगावा लागला. त्यानंतर 'स्त्री' मासिकातून ते आले आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' पुस्तक झाले. २१ एप्रिल २०१२ रोजी बेबीताई गेल्या. विचार करा, त्या वह्या लपलेल्या असतानाच त्या गेल्या असत्या तर? घर आवरताना त्या कोणत्या ढिगात गेल्या असत्या? आज जगभरच्या विद्यापीठांत शिकवले जाणारे पुस्तक आणि शेकोटी यांच्यात अंतर एवढेच होते. शांताबाई कांबळे यांनी निवृत्तीनंतर 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली आणि ती आपल्या आईवडिलांना अर्पण केली. उर्मिला पवारांनी आपल्या आत्मकथेला 'आयदान' हे नाव दिले. आई बांबूची सुपे, टोपल्या विणायची, त्या विणकामाचे नाव. त्यांच्या आईने लिहिले नाही, तिचे हात सतत विणत होते. लेकीने ते विणकाम शब्दांत घेतले. शोक इथे रडण्यावर थांबला नाही, हे आम्हाला दाखवायचे आहे.

हे फक्त आमच्याकडे घडते असेही नाही. अमेरिकेतली कृष्णवर्णीय लेखिका झोरा नील हर्स्टन १९६० मध्ये फ्लोरिडात गरिबांच्या सरकारी आश्रयगृहात मरण पावली. तिचे सामान जाळायला काढले होते. कागद पेटलेही होते. तिला ओळखणारा एक कृष्णवर्णीय पोलीस, पॅट्रिक डुव्हाल, तिथून जात होता. त्याने आग विझवली. तिचे कडा जळालेले कागद आज विद्यापीठात जपून ठेवले आहेत. तिच्या कबरीवर दगडही नव्हता. १९७३ मध्ये ॲलिस वॉकर ही पुढच्या पिढीतली लेखिका गवत तुडवत तिथे गेली आणि तिने दगड बसवला. पुढे वॉकरने आपल्या आयांच्या बागांविषयी लिहिले. ज्यांना कागद मिळाला नाही त्यांनी आपली प्रतिभा फुलझाडांत आणि गोधड्यांत ठेवली, हे त्यात आहे. ती आमची कोणी नात्याची नाही, पण हे वाचताना आयदान आणि बिडीचे सूप डोळ्यांसमोर येते.

भंडारा जिल्ह्यात बसून मायलेकींविषयी लिहायचे आणि खैरलांजी टाळायची, हे आम्हाला जमणार नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या त्या गावात सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका, मुलगे सुधीर आणि रोशन यांना जमावाने ठार मारले. सुरेखाताईंचा गुन्हा काय होता? त्या आपल्या शेतासाठी ठाम उभ्या होत्या आणि सिद्धार्थ गजभिये यांना झालेल्या मारहाणीत त्यांनी आरोपींची नावे सांगितली होती. तो जबाब हाच त्यांचा लेखी वारसा. एका बौद्ध बाईने न घाबरता नावे घेतली, ती कागदावर आली, आणि त्या कागदाची किंमत सगळ्या घराने मोजली. इथे शोक करायला लेकही ठेवली गेली नाही. मागे राहिलेले भय्यालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये न्यायाची वाट पाहत गेले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली, आणि दोन्ही ठिकाणी अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. जात सगळ्या गावाला दिसत होती, निकालपत्रात दिसली नाही. म्हणून कोणी आम्हाला 'कागदाचे एवढे काय घेऊन बसलात' म्हणाले तर आम्ही खैरलांजीकडे बोट दाखवू. काय लिहून ठेवले जाते आणि काय गाळले जाते यावर आमचे जगणे आणि मरणे ठरते.

एक आक्षेप आमच्याच लोकांकडून येतो. बुद्धाने शोक आवरायला सांगितला, मेलेल्याच्या वस्तूंत जीव अडकवून काय बसायचे, असा. त्यांनी थेरीगाथा पाहावी. उब्बिरी नावाची आई मुलगी जीवा गेल्यावर स्मशानात रोज रडत असे. बुद्धाने तिला गप्प केले नाही. या स्मशानात जीवा नावाच्या चौऱ्याऐंशी हजार मुली जळाल्या, तू त्यांतल्या कोणासाठी रडतेस, असे विचारले. त्या प्रश्नाने तिचे दुःख एकटीचे राहिले नाही. आणि तिने काय केले? ती गाथा रचून गेली. संघाने ती तोंडपाठ जपली, पुढे लिहून ठेवली, म्हणून ती आज आपल्या हातात आहे. शोकाचे लिखाण जपणे हे धम्माच्या विरुद्ध असते तर थेरीगाथा उरलीच नसती.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. धरणग्रस्तांना आधी प्लॉट, नोकरी, नळाचे पाणी हवे, वह्या काय करायच्या? आम्ही म्हणतो दोन्ही हवे, आणि दोन्ही जोडलेले आहे. नव्या गावठाणात नागरी सुविधा नाहीत म्हणून अर्ज करताना जुन्या गावात काय होते याचा पुरावा लागतो. कोणत्या वर्षी विहार बांधले, त्याला वर्गणी कोणी दिली, पाणी कुठून भरले जात होते, हे अनेकदा बायांच्याच वहीत सापडते, कारण महिला मंडळाचा जमाखर्च त्याच ठेवतात. गाव नकाशावरून गेल्यावर त्या गावाचे रोजचे जगणे त्या जमाखर्चात उरते.

चळवळीतल्या पुरुष नेतृत्वाला एक प्रश्न. तुमच्या घरी नेत्यांच्या पत्रांच्या फाइली आहेत, सभांचे फोटो आहेत, जयंती समितीच्या पावत्याही बांधून ठेवल्या आहेत. त्याच घरात तुमच्या मायची वही कुठे आहे? विहारात ग्रंथालयाचे कपाट असते, त्यात एक कप्पा या वह्यांना द्यायला किती खर्च येतो?

ज्या लेकींची माय आज खाटेवर आहे, किंवा नुकतीच गेली आहे, त्यांच्यासाठी थोडे कामाचे. पेटी तिसऱ्या दिवशी उघडू देऊ नका, आणि उघडली तर तुम्ही समोर असा. शोक असेल, डोळ्यांना दिसणार नाही, तरी कागद फेकण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, कोऱ्या वाटणाऱ्या पानाचाही. मायचे नाव माहेरचे आणि सासरचे दोन्ही लिहा. जुन्या गावाचे नाव लिहा, नव्या गावठाणाचे लिहा, अक्षर तिचे की सांगून दुसऱ्याने लिहिलेले तेही लिहा. गाणे कोणाकडून ऐकले हे मावशीला, काकीला विचारा, त्या आहेत तोवर. मूळ वही तुमच्याकडे ठेवा आणि प्रत विहारात द्या. हक्कसोडपत्र समोर आले तर वाचल्याशिवाय, वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. आणि बिडीचे लॉगबुक निघाले तर त्यातले हजार उतरवून घ्या, छाटही उतरवून घ्या.